उमरावाचा पाहुणचार

त्या गुरुवारचा अहवाल मी तुम्हा दोघांना लगेच पाठवला होता. तो एका पानाचा होता. अहवालात जे बसत नाही ते आता लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढेमागे तुमच्यात वाद झाला तर दाखवायला कागद असेल.

आधी मुद्दा काय होता ते. दर रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्याकडच्या शनिवारी संध्याकाळी, तुमचे बाबा तुम्हाला घेऊन फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ चालवत आणि मी इकडून पडद्यावर बघत असे. मला एका सराईतल्या म्हातारीचं पात्र दिलं होतं. तिला दोन वाक्यं होती, त्यांतलं एक 'खोली रिकामी नाही' हे होतं. पण त्या निमित्ताने तासभर तुमचे चेहरे समोर असत. मग बाबांचं काम वाढलं आणि खेळ बंद करायचं ठरलं. बंद झाला असता तर उरला असता तो नेहमीचा फोन: बरी आहेस ना आजी, हो जेवलो, हो अभ्यास चालू आहे, बाय. घड्याळ लावून पाहिलं आहे मी. तीन मिनिटं.

म्हणून मी म्हटलं, खेळ मी चालवते.

तुम्ही हसलात. धाकटा मोकळेपणाने हसला, थोरली तोंड फिरवून. थोरली म्हणाली, "आजी, तू चालवलास तर शेवटी प्रश्नपत्रिका देशील." मग तुम्ही तीन अटी घातल्यात, त्या मी लिहून घेतल्या. एक, तीन खऱ्या माणसांना बसवून तो भुताच्या किल्ल्याचा खेळ इकडे चालवून दाखवायचा. दोन, तो शेवटपर्यंत न्यायचा. मध्ये कुणी उठून जाता कामा नये. तीन, निदान एकाला तरी खरी भीती वाटली पाहिजे. तिन्ही जमल्या तर रविवार माझा, नाही तर बंद.

पुस्तिका तुम्हीच पाठवलीत. चार दिवसांत मी ती दोनदा वाचली आणि स्वल्पविरामांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. खेळाची रीत मला आवडली. सूत्रधाराने परिस्थिती सांगायची, खेळाडूंनी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. वर्गातही असंच असतं, फक्त फासा नसतो. गोष्ट मात्र मला जरा अति वाटली. ओसाड किल्ला, बारमाही धुकं, आणि त्यात एक उमराव, जो मरून तीनशे वर्षं झाली तरी त्याच्या कपड्यांची इस्त्री मोडत नाही. तो माणसांचं रक्त पितो. त्याचे नियम तीन: बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नाही, सूर्य उगवला की त्याची राख होते, आणि तो शिष्टाचार कधीही मोडत नाही, म्हणजे एकदा पाहुणा म्हणून आत आला की पाहुणचार संपेपर्यंत त्याला कुणावर हल्ला करता येत नाही आणि उठून जाताही येत नाही. या शेवटच्या नियमाखाली मी पेन्सिलने रेघ मारली. सबंध पुस्तिकेत हा एकच गृहस्थ मला घरंदाज वाटला.

वेळेच्या हिशेबासाठी मी एक तक्ता आखला. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत छत्तीस चौकोन, दर चौकोन खेळातल्या वीस मिनिटांचा. खेळाडूंनी काहीही केलं की एक चौकोन बरोबरची खूण करून भरायचा. तक्ता पुस्तिकेत नव्हता, ती माझी भर. तुमच्या बाबांचा खेळ वेळेत कधी संपत नसे, त्याचं कारण तक्ता नव्हता हेच.

वार गुरुवार ठरवला. आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि दुरुस्तीसाठी वीजही गुरुवारीच घालवतात, तेव्हा अंधार आयता मिळणार होता. सोसायटीच्या फळ्यावर लावायला सूचना लिहिली, 'भयकथेवर आधारित सामूहिक खेळ'. ती घेऊन सेक्रेटरी घरी आले.

"मॅडम, तेवढा 'भय' शब्द काढा. लिफ्टवरून आधीच वातावरण तापलंय."

शेवटी फळ्यावर लागलं, 'ज्येष्ठ नागरिक कक्षात दुपारी तीन वाजता बौद्धिक कार्यक्रम'. सात जण आले. त्यांतल्या दोघांना रक्तातली साखर तपासून हवी होती आणि दोघांना वाटलं होतं, वडा असेल. उरले तीन. अट तिघांचीच होती, म्हणून मी दाराला आतून कडी घातली.

ते तिघं कोण, ते सांगते. चौथ्या मजल्यावरचे साहेब आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून भाजीवाल्याकडे टोमॅटोचे नमुने काढतात. दुसऱ्या आक्का, चिंचवड गावठाणातल्या. आपली सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या सासऱ्यांची. त्या बदल्यात मिळालेल्या तळमजल्यावरच्या दोन घरांपैकी एकात त्या राहतात, दुसऱ्यात भाडेकरू. तिसरी ती भाडेकरूच, लातूरकडची मुलगी. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत एका लाइनची प्रमुख आहे. तिची रात्रीची तिसरी पाळी सकाळी सुटली होती, आणि ती आली ती आक्कांनी ओढून आणली म्हणून.

पात्रं वाटली. साहेबांना शूर सरदार दिला. आक्कांना जडीबुटीवाली वैदीण दिली, ती त्यांनी "आसंल, आसंल" म्हणून घेतली. मुलीला चोराचं पात्र आलं.

"चोर नको हो काकू. गावाकडं कळलं तर काय म्हणतील?"

"मग कुलपं उघडणारी म्हणू."

"हां, ते चालतंय."

पडदा ओढला, मेणबत्ती लावली आणि मी वर्गात वाचायची त्या आवाजात सुरू केलं: किल्ल्याच्या दालनात शतकांची धूळ साचली होती, छतापासून कोळिष्टकं लोंबत होती, आणि कुठूनसा एक थंड श्वास...

"एवढं मोठं घर," आक्का म्हणाल्या, "आन् झाडायला बाई न्हाई?"

"मॅडम, आपत्कालीन मार्ग कुठून आहे?" साहेबांनी विचारलं.

"किल्ल्याला नसतो."

"नसतो कसा? लिहून घेतो. त्रुटी क्रमांक एक."

तिसऱ्या दालनापर्यंत त्यांच्या अकरा त्रुटी झाल्या. जिन्याला कठडा नव्हता, मशाली भिंतीपासून पुरेशा लांब नव्हत्या, चिलखतांवर गंज होता आणि गंजाची नोंदवही कुणी दाखवत नव्हतं. तळघरात उतरायची वेळ आली तेव्हा सरदार थांबले. बंद जागेत काम करायचं तर परवानगीचं पत्रक लागतं आणि एक माणूस बाहेर उभा असावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. पत्रक मी कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं. बाहेर ते स्वतः उभे राहिले. तुमच्या भाषेत सांगायचं तर आमच्यातला एकुलता एक तलवारवाला सबंध तळघर संपेपर्यंत जिन्यावर होता.

तळघरात शवपेटी होती. ही माझी हुकमाची जागा. मी आवाज खाली आणला. झाकण अर्धं सरकलेलं, आत मखमलीवर माणसाच्या आकाराचा खळगा, आणि तो खळगा अजून ताजा. तो आत्ताच उठून गेला होता.

डोळे मिटून बसलेली मुलगी जागी झाली. "दिवसा झोपतात का हे?"

"दिवसा झोपतो आणि रात्री हिंडतो. उन्हात येऊ शकत नाही. अन्न घेत नाही."

"म्हंजे कायमची तिसरी पाळी हाय की यांना," ती म्हणाली. "आमच्या लाइनवर असे पाच-सहा हायेत काकू. ऊन बघितलं की डोळं मिटायलेत, जेवण जात नाही, कुणी बोललं की अंगावर येतात. कुणी पाळी बदलून द्यायचं नाव घेईना."

"बिचारा," आक्का म्हणाल्या.

भीतीच्या ठिकाणी दया आली होती आणि पुस्तिकेत त्यावर उपाय नव्हता. मी लांडग्यांचा आवाज काढला. पार्किंगमधल्या कुत्र्याने उत्तर दिलं आणि वॉचमन काही झालं का म्हणून दार वाजवून गेला. तरी त्यामुळे साहेबांनी एवढं मान्य केलं की असल्या प्रकाशात तपासणी पुढे नेण्यात अर्थ नाही. तिघं किल्ल्यातून निघून डोंगराखालच्या रिकाम्या झोपडीत आली आणि पुस्तिकेप्रमाणे त्यांनी दार आतून लावलं. चौदा चौकोन भरले होते.

इथे खेळाचा कळस आहे. उमराव दाराशी येतो आणि रात्रभर वेगवेगळ्या आवाजांत विनवतो. आतल्या माणसांनी दार उघडायचं नाही. दोन पानं संवाद होते, मी पाठ केले होते. मी टेबलावर तीनदा टकटक केलं. दाराच्या फटीतून दिसतो एक उंच गृहस्थ, काळा झगा, चेहरा पांढराफटक.

"आवो, या की आत," आक्का म्हणाल्या. "दारात का हुबं?"

मी थांबले. शिक्षकाने मुलाला उत्तर सुधारायची एक संधी द्यावी, या मताची मी आहे. "आक्का, नक्की?"

"आक्का, हा तोच आहे," साहेब म्हणाले. "शवपेटीवाला."

"आसंल. दारात आल्याला भाईर ठिवत्यात व्हय? पानी तरी द्या त्यास्नी."

"माझा विरोध नोंदवून घ्या, मॅडम," साहेब म्हणाले.

दोन पानं संवाद वाया गेले. नियमाने उमराव आत आला. मी पुस्तिका चाळली, तेव्हा पेन्सिलची रेघ समोर आली: पाहुणचार संपेपर्यंत हल्ला नाही. ठीक आहे, म्हटलं, पाहुणचार असा किती चालणार. हे मी, जिने चिंचवडात सारा संसार केला आहे, म्हटलं.

आक्कांनी जेवायचं विचारलं. मी उमरावाच्या आवाजात म्हटलं, "आभारी आहे. मी अन्न घेत नाही."

"उपास का? कंचा?"

"तीनशे वर्षं घेतलेलं नाही."

"आगं बया. आन् घरात कोन म्हनायला न्हाई?"

चौकोन. मग कोरा चहा, तो मुलीने सुचवला, झोप उडायला. चौकोन. मग तुमचं मूळ गाव कुठलं, मग तिकडे आमच्या नणंदेच्या दिराची सोयरीक हाय. साहेब विरोध नोंदवून गप्प बसले होते, पण उमरावाची तीनशे वर्षं एकहाती सत्ता आहे हे कळल्यावर त्यांना राहवेना.

"पुढची फळी तयार केली नाहीत? म्हणजे सगळे निर्णय अजून तुम्हीच घेता?"

"मी अमर आहे," उमराव म्हणाला.

"आमचे जनरल मॅनेजर पण असंच म्हणायचे."

अठ्ठावीस चौकोन झाले तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. उमरावाला उभं केलं आणि शक्य तितक्या भयंकर स्वरात म्हटलं, "यजमानीणबाई, पाहुणचार झाला. आता मला माझं काम करू द्या."

"झाला कुठं? सुपारी दिली न्हाई अजून."

मी फासा टाकला. पंधराच्या वर आले तर पाहुणचार संपला, असं आधीच जाहीर केलं. दोन आले. तिघांनी वाकून बघितले. टेबलाकडे वाकताना साहेबांची नजर माझ्या तक्त्यावर गेली. शेवटच्या चौकोनात मी सुबक अक्षरात 'सूर्योदय' लिहिलं होतं. त्यांनी आक्कांकडे पाहिलं, आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सुपारी झाल्यावर आक्का स्वतःच म्हणाल्या, "बरं, निघा मग. उशीर झाला तुमाला." मला हायसं वाटलं. निरोप दिला की पाहुणचार संपला. झोपडीबाहेर पडून उमराव उलटा फिरला की खेळ पुस्तिकेच्या वाटेवर आला. उमराव दारापर्यंत पोचला. एकोणतिसावा चौकोन.

आपल्याकडे माणूस बैठकीत दोन तास बसतो आणि खरं बोलणं दारात सुरू होतं, हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुमच्याकडे दार उघडं ठेवलं तर थंडी आत येते. आक्कांनी उमरावाला थांबवून वाटेत खायला शेंगांची पिशवी बांधून दिली. मग विचारलं, जाणार कसे? त्यावर साहेब आणि मुलगी यांच्यात किल्ल्याकडे उड्डाणपुलाखालून जावं की वरून यावर वाद झाला. मी सांगितलं, तिथे उड्डाणपूल नाही. साहेब म्हणाले, नकाशावर नसेल, पण काम चालू असणार. दोन चौकोन. मग आक्कांना आठवलं की पाहुण्याचं लग्नाचं विचारायचं राहिलं. उंबऱ्यावर, पिशवी हातात, एक पाय बाहेर अशा स्थितीत तीनशे वर्षांच्या उमरावाने आपल्या तीन मृत बायकांची माहिती दिली, आणि प्रत्येकीसाठी आक्का म्हणाल्या, "अरारा."

पस्तीस.

माझी पेन्सिल तक्त्यावर अडली. एक चौकोन. मी तो भरला की उमराव मेला, आणि कुणीही, कणभरही, घाबरलेलं नव्हतं. तिसरी अट गेली, रविवार गेला. चौकोन रिकामा सोडला असता तर कुणाला कळणार होतं? पण मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली आहे. आणि त्या क्षणी आक्का दारातल्या पाहुण्याला म्हणाल्या, "आता पुन्ना कधी येनार, ते सांगून जावा."

मी शेवटच्या चौकोनात खूण केली.

"सूर्य उगवला," मी म्हटलं. "त्याची राख झाली. उंबऱ्यावर शेंगांची पिशवी आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलगी म्हणाली, "सुटले बिचारे." साहेबांनी विरोधाची नोंद मागे घेतली.

"आक्का," मी म्हटलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

"मला काय म्हाईत, बाई, तुमच्या खेळातलं. आमी आपलं घरच्यावानी केलं." त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचं सासरं आसंच करायचं. ही जमीन मोजायला सरकारी मान्सं आली की आधी पानी, मग च्या, मग जेवान. मग दारात गप्पा. दिस बुडायचा, मोजायची साखळी पिशवीतच ऱ्हायची. चार वर्सं काडली त्येंनी आशी."

"मग?"

"मग एक साहेब आला, घरनं डबा घेऊन. पानी बी प्याला न्हाई आमच्यातलं." त्यांनी खोलीभर एकदा पाहिलं, लादी, खिडकी, कॅरमचा बोर्ड. "हितं हुती आमची पान्याची हिर."

वीज आली. सगळे उठले, दारापर्यंत गेले आणि तिथे पाऊण तास बोलत उभे राहिले. तेव्हा दुसऱ्या अटीबद्दल वाद नसावा.

तिसऱ्या अटीपाशी मी अहवाल लिहिताना बराच वेळ बसले. शेवटी जे घडलं ते लिहिलं: 'भीती वाटलेल्या व्यक्ती: एक. सूत्रधार. पस्तिसाव्या चौकोनापाशी.' पाठवला आणि फोन उलटा करून ठेवला.

तुमचा फोन दुसऱ्याच दिवशी आला, शुक्रवारी, जो फोनचा वार नव्हे. थोरलीने अटी वाचून काढल्या होत्या. "आजी, अटीत 'एकाला' आहे. 'खेळाडूला' असं लिहिलेलं नाही," ती म्हणाली, एखाद्या वकिलासारखी. मग विचारलं, "पण तुला कसली भीती वाटली?"

"चौकोन संपण्याची," मी म्हटलं.

धाकट्याने लगेच विचारलं की रविवारी आक्का येतील का.

त्या येतात, तुम्हाला माहीतच आहे. नवा खलनायक आला की आधी विचारतात, ह्याला काय चालतं. साहेबांनीही त्या गुरुवारच्या खेळाची तपासणी करून मला लेखी सुधारणा दिली आहे: दारातल्या बोलण्याला पाच मिनिटांची मर्यादा घालावी. सूचना योग्य आहे. ती मी नियमांच्या वहीत स्वच्छ उतरवून घेतली आहे. समोरचा 'अंमलबजावणी कधीपासून' हा रकाना तेवढा रिकामा आहे.